शेवटच्या रांगेचा उशीर

मंगळवार, १८ जून. काम: शिलाई हॉलमधल्या पेट्यांवरची कापसाची लव पुसणे.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं वायरलेस जाळं मी सांभाळते. मी कारखान्याची नाही, कंत्राटदाराची माणूस. शिलाईच्या प्रत्येक मशीनवर काडेपेटीएवढी पेटी बसवली आहे. मशीन चालू आहे की बंद, हे ती छतावरच्या अँटेनाला कळवत राहते. ऑफिसातल्या पडद्यावर चालू मशीन हिरवं दिसतं, बंद मशीन लाल.

गेला आठवडाभर शेवटच्या रांगेतल्या एका बाईंचं मशीन सारखं लाल दिसत होतं. बाई माझ्याच वयाच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, हात असा चालतो की बघत राहावं. मी पेटी पुसत होते तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अक्का, त्या डब्याला जरा सांगा की, मी हितंच हाय म्हणून. सकाळपासून उठले बी न्हाय."

मी ऑफिसातला तोच पडदा मोबाइलवर उघडला. माझ्यासमोर मशीन धडधडत होतं आणि पडद्यावर लाल होतं.

तेवढ्यात मॅनेजर कागद घेऊन आले. "मॅडम, एक सही करा. 'जाळ्यात दोष नाही' एवढंच लिहिलंय. उद्या दुपारी बाईंना कमी करतोय. गप्पा मारतात, मशीन बंद ठेवतात."

"मशीन चालू आहे. कानांनी ऐका."

"पडदा काय खोटं बोलतो?"

"तेच बघतेय. बघून झाल्याशिवाय सही नाही."

"मग तुमच्या साहेबांना फोन करावा लागेल."

"करा की. नंबर आहे का, देऊ?"

मॅनेजर कागद मशीनवर ठेवून गेले. बाईंनी तो वाचला आणि पुढचा टॉवेल घेतला.

मी त्यांची पेटी पहिल्या रांगेत लावली आणि तिथली इथे आणली. पहिल्या रांगेत बाईंची पेटी हिरवी झाली. इथे आलेली पेटी लाल. म्हणजे पेटी बरी होती, बाई बऱ्या होत्या, जागेत काहीतरी होतं. या रांगेमागे टॉवेलच्या थप्प्या छतापर्यंत लागतात, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी इथे दुसरी अँटेना बसवली होती. तिची केबल साऱ्या आवाराला वळसा घालून ऑफिसात जाते.

लांबच्या केबलने काय होतं, हे कुणाला समजावून सांगायचं झालं की मी आईच्या गिरणीचा भोंगा सांगते. आई गिरणीत होती, आम्ही भवानी पेठेत राहायचो. गिरणीचं फाटक भोंग्याला बंद व्हायचं. फाटकाजवळ राहणारी बाई आरामात निघायची, आई तिच्या कितीतरी आधी. दोघी आत शिरायच्या एकदमच. पेट्यांचंही तसंच आहे. ज्या पेटीचा निरोप पोचायला वेळ लागतो, तिला आधी बोलायला सांगायचं, म्हणजे प्रत्येकीचा निरोप नेमून दिलेल्या क्षणी पोचतो. चुकला तर दुसरीच्या निरोपावर आदळतो आणि वाया जातो.

पुढे आई दुसऱ्या, लांबच्या गिरणीत लागली. घरून मात्र जुन्याच वेळेला निघायची. पाय सवयीने निघायचे. पहिल्या दिवशी फाटक बंद. मुकादम ओरडला तर आई म्हणाली, "मी येळेवरच निघाले की! तुमची गिरणी लांब हाय, त्याला मी काय करू?"

थप्प्यांआड बाईंच्याच जागेला जुनी अँटेना लागेनाशी झाली होती; तिथले निरोप आठवडाभर नवी अँटेना घेत होती, पण निघायची वेळ पेट्यांना जुन्या अँटेनाच्या अंतरावरून ठरवून दिलेली. मी नव्या अँटेनाच्या नोंदी काढल्या. बाईंच्या जागेवरचा प्रत्येक निरोप उशिरा येत होता. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या चार भागांचा उशीर, आणि दर वेळी तेवढाच. गप्पा मारणाऱ्या माणसाचा उशीर कमीजास्त होतो. इतका शिस्तीचा उशीर केबलच करते.

ज्याने जाळं बसवलं त्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, एवढ्याशा आवारात दोन्ही अँटेनांना एकच वेळ चालते."

"केबलची लांबी धरली होती का?"

"बघून सांगतो. या आठवड्यात होईल. तोपर्यंत सेटिंगला हात लावू नका."

"बाईंना उद्या दुपारी काढतायत."

"तो माझा विषय नाही."

"माझा आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. कंत्राट जाण्याची भीती वाटली का? वाटली. जुळे सोलापूरला स्कूटीवरून घरी जाईपर्यंत वाटत होती. भाकऱ्या करताना कमी झाली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी कारखान्यात गेले. जुने आकडे वहीत उतरवून घेतले. मग शेवटच्या रांगेच्या पेट्यांना दोन वेळा दिल्या, जुन्या अँटेनासाठी एक आणि नवीसाठी एक. पाळी लागली तेव्हा मॅनेजरांना हॉलमध्ये बोलावलं, त्यांच्या हातात माझा मोबाइल दिला आणि बाईंना म्हटलं, "चालू करा." हिरवं. "थांबवा." लाल. "करा." हिरवं.

"आता लाल करून दाखवू का परत?" बाईंनी मॅनेजरांना विचारलं. "का काम करू?"

"काम करा," ते म्हणाले.

मी कालचा कागद घेतला, 'जाळ्यात दोष नाही' यातलं 'नाही' खोडलं, तिथे 'होता' लिहिलं, खाली 'बाई जागेवर होत्या' अशी एक ओळ जोडली, आणि सही केली.