सिंथेसायझर आणि माझ्या सुवाच्य चिठ्ठ्या

मराठवाड्यातला एक होतकरू रॉक बँड माझ्या नीटनेटकेपणामुळे बुडता बुडता राहिला.

बाळांनो, तुमचे दिलीपआजोबा म्हणजे माझे धाकटे दीर. तेव्हा ते धाराशिवला कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी गिटार वाजवायचे. (वाजवायचे म्हणजे तिच्याशी भांडायचे.) ड्रमवर त्यांचा मित्र रफिक. गल्लीनं हा दणका कसाबसा पचवला होता, तोच भाऊजींनी मुंबईहून सिंथेसायझर आणला! गिटार कपाटावर गेली आणि रफिक घरी बसला.

"पयलं नुसतं डोकं दुखायचं, आता दात बी शिवशिवतेत," शेजारच्या काकू म्हणाल्या. सासूबाई तर पेटीमागं वाकून बघायच्या. "भाता न्हाय, तारा न्हाय, अन् ढोल वाजतंय! आत कोण बसलंय रं?"

भाऊजी बटणं अंदाजानं दाबायचे. मला ते बघवेना. घरात इंग्रजी शिकलेली मीच, म्हणून माहितीपुस्तिका मी ताब्यात घेतली. कार्बन घालून यादी केली आणि बटणांवर ओळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या: ड्रम, रेल्वे, बासरी, पाऊस. पहिलं बटण तेवढं मोकळं ठेवलं. ते चालू-बंद करायचं असणार, हे कुणीही सुशिक्षित माणूस सांगेल! वीज गेल्यामुळं तालीम मात्र झाली नाही.

दुसऱ्या दिवशी येडशीजवळच्या एका गावात दूध संस्थेचं संमेलन होतं आणि तिथं भाऊजी वाजवणार होते. भाऊजींना नळदुर्गची एक मुलगी, सुषमा, पसंत होती, सुषमालाही ते पसंत होते. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. 'पोरगं वाजवतं म्हंजे नेमकं करतं काय' ते बघायला तिचे वडील, अण्णा, मुद्दाम नळदुर्गहून आले होते आणि पहिल्याच रांगेत बसले होते. सुषमा माझ्याशेजारी होती; यादीची आणि चिठ्ठ्यांची हकीकत मी तिला ऐटीत सांगून झाली होती.

भाऊजींनी ऐटीत 'ड्रम' दाबलं. कर्ण्यातून शिट्टी झाली आणि आगगाडी सुटली! मागचे दोघं पिशव्या उचलून उभे राहिले.

"गाडी आली व्हय?"

"आता बोलाव मला!" प्रेक्षकांत हाताची घडी घालून बसलेला रफिक ओरडला.

भाऊजींनी घाईघाईनं 'बासरी' दाबलं. कडाड्कन वीज कडाडली आणि धो धो पाऊस कोसळायला लागला!

साल दुष्काळाचं. अर्धा मांडव उठला!

"घागरी लावा गं पागोळीला!"

"कडबा झाका रं!"

अण्णांनी टोपी काढून वर बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत.

"पावनं," ते म्हणाले, "पाडलाच हाय तर जरा ओला तरी पाडा!"

मांडव खदखदून हसला. भाऊजी रडकुंडीला आले. अण्णांनी टोपी चढवली. "सुषमे, चल. बघून झालं."

सुषमा जागची हलली नाही. "ताई, तुमची यादी बघू." माझ्या पर्समध्ये कार्बनची प्रत होतीच. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "ड्रम दाबला, रेल्वे आली. बासरी दाबली, पाऊस आला. समदं पुढचंच वाजतंय की! चिठ्ठ्या एक घर सरकल्यात."

म्हणजे मी मोकळं ठेवलेलं पहिलं बटणच ड्रमचं होतं! पण अण्णा चपला शोधत होते. लाजायला वेळ नव्हता. मी उभी राहून ओरडले, "भाऊजी! एक बटण अलीकडचं दाबा! चिठ्ठ्या चुकल्यात!"

भाऊजी चक्क माईकमध्येच म्हणाले, "वहिनी, पण चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात ना?"

कर्णे दोन होते. दोन्हींतून ऐकू आलं!

त्यांनी अलीकडचं बटण दाबलं आणि लख्ख बासरी वाजली. अण्णा एक चप्पल घालून थबकले. "ही चूक कुणी हुडकली?"

"तुमच्या सुषमानं," मी पुटपुटले.

अण्णांनी भाऊजींकडं बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडं. "लग्न ठरवू," ते म्हणाले. "ह्या घराला आमच्या पोरीची लई गरज हाय."

तीच तुमची सुषमाआजी. अण्णा पुढं जन्मभर पाहुण्यांना माझी ओळख त्याच शब्दांत करून देत राहिले: "ह्या थोरल्या सूनबाई. इंग्रजी एकदम पक्कं. फक्त एकापासून मोजायला सांगू नका!"