दुसरं बोलावणं

लग्न झालं की भाड्याची पातेली घासून परत जातात, मांडवाचे बांबू उतरतात, सतरंज्या झटकून ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या होतात. किस्से तेवढे मागे राहतात. त्यांना परत न्यायला कोणी येत नाही. अकोल्याला माझ्या सासरी असे पुष्कळ साठले आहेत, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ते आपोआप बाहेर येतात. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर नुकतंच मारलेलं पाणी, खोलीत हिरवट अंधार. सासूबाई आडव्या झालेल्या, मोठ्या जाऊबाई सिंधूबाई भिंतीला टेकून वाती वळताहेत, आणि मी दाराशी. नव्या सुनेनं दुपारी झोपायचं नसतं आणि फार बोलायचंही नसतं. उरतं ते ऐकणं. अर्धवट गुंगीत ऐकलेली लग्नं फार सुंदर असतात. त्यांत घाम नसतो, माश्या नसतात.

कोपऱ्यातल्या बाजेवर आत्याबाई असत. या मामंजींच्या थोरल्या बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला, तेव्हापासून याच घरात. माझ्याशी गोड वागत, माझ्या लुगड्याच्या निऱ्या नीट करून देत. फक्त मी वाढलेलं जेवत नसत. मी पोळी घेऊन गेले की म्हणत, "राहू दे वं, सिंधूले पाठव." लग्नाला महिना झाला, दीड महिना झाला. मी मीठ कमी करून पाहिलं, पोळ्या पातळ करून पाहिल्या. ज्या घरात जन्म काढायचा, तिथलं एक माणूस आपल्या हातचा घास घेत नाही आणि का ते कोणी सांगत नाही. तुम्ही नव्यानं सासरी गेला असाल, तर मला काय होत असेल ते कळेल.

असो. किस्से.

०

आमच्याकडे जेवायला दोनदा बोलावतात. आधी आवतन, म्हणजे अमुक दिवशी आमच्याकडे जेवण आहे हे सांगणं. मग त्या दिवशी पानं मांडून झाली की यजमानाकडचं कोणी तरी घरोघर जाऊन म्हणतं, "चाला, जेवाले चाला." हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही, भूक कितीही लागो.

सासूबाईंच्या माहेरी, बाळापुरात, एकाच्या मुलीचं लग्न होतं. शेजारच्या घराला आवतन होतं. दोन घरांत एक कंबरेएवढी भिंत. शेजारी सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून, हातात पाण्याचा लोटा घेऊन ओसरीवर बसलेला. बुंदीचा वास येतो आहे, पंगत दिसते आहे, पण हा हलत नाही. शेवटी यजमानानं भिंतीवरून हाक मारली, "काहून बसले अजून?"

"बलावनं नाई आलं."

"अहो, मी तुमाले इथून पाहूनच तं राहिलो."

"पाहनं वेगळं, बलावनं वेगळं."

यजमानानं उपरणं नीट केलं, मांडवातून बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून शेजाऱ्याच्या पुढच्या दारात गेला आणि हात जोडून म्हणाला, "जेवाले चाला." शेजारी उठला. मग दोघंही गल्लीला वळसा घालून परत आले.

"भिंत ओलांडून आले असते," मी हळूच म्हटलं.

"मंग ते बलावनं झालं नसतं, चोरी झाली असती," आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या.

०

तुपाचा किस्सा सिंधूबाईंच्या लग्नातला. वऱ्हाडात पंगतीत तूप वाढणारा आपणहून थांबत नाही. ज्याला पुरे, त्यानं पानावर हात आडवा धरायचा. तोवर धार सुरू ठेवणं हे यजमानाचं देणं आहे.

पुण्याकडचे एक पाहुणे जेवायला बसले होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते अगदी सौम्य आवाजात "पुरे, नको, नको" म्हणत राहिले. वाढणारा वाढत राहिला. तूप भातावरून उतरलं, पत्रावळीच्या काठाशी आलं, काठ ओलांडून शेजारच्या पत्रावळीकडे निघालं. पाहुणे कासावीस. "अहो, मी नको म्हणतोय, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येते ना जी. पन पुन्याचं 'नको' लय पातळ असते."

पाहुण्यांनी मदतीसाठी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी मान खाली घालून भात कालवत होता. म्हणाला, "वाढू द्या त्याले. माह्याकडंच येऊन राहिलं."

०

धामणगाव रेल्वेला एकदा वऱ्हाड उतरवलं होतं कापसाच्या रिकाम्या गोदामात. वऱ्हाड उतरतं त्या जागेला जानोसा म्हणतात, आणि जानोशात काय काय असावं याची यादी वधूपित्याला पाठ असावी लागते: गरम पाणी, दंतमंजन, खोबरेल, पानसुपारी. या वधूपित्यानं सगळं ठेवलं होतं. दुपारी मंडळी लवंडली. वर कौलांत अडकलेला गेल्या हंगामाचा कापूस वाऱ्यानं सुटून हळूहळू खाली उतरत राहिला. सासूबाई तिथे होत्या. त्या म्हणतात, जाग आली तर सगळे वऱ्हाडी म्हातारे झालेले. पोरांचेसुद्धा केस पांढरे. क्षणभर वाटलं, आपण झोपलो त्यात वर्षंच निघून गेली, आणि लग्न राहिलंच.

नवरदेवाच्या मामांच्या काळ्याभोर मिशा होत्या. लोक हसायला लागले, पण स्वतःच्या मिशा पाहायला आरसा नव्हता. यादीत नेमका तोच राहिलेला. मामा रुसले. आरशाशिवाय मी मांडवात येत नाही म्हणाले.

वधूपित्यानं गावातून आरसा आणवला. लहान आरसा दिला तर मानाला कमी पडेल, म्हणून चौघांनी खांद्यावरून एक कपाटच आणलं, दाराला पुरुषभर आरसा असलेलं. मामांसमोर उभं केलं. मामांनी पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, गाल फुगवलेला, मिशांवर कापूस असलेला एक इसम.

बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रुसलेला मानूस असा दिसते काय?"

आणि सगळ्यांच्या आधी मांडवात गेले.

०

हा मामंजींनी स्वतः सांगितला, ऑफिसातून आल्यावर, पायांवर पाणी घेता घेता. ते परतवाड्याला नोकरीत होते तेव्हाचा. त्यांच्या टेबलाशेजारी बसणाऱ्या कारकुनाचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. त्याच्या बहिणीचं लग्न. त्यानं सगळ्या ऑफिसला आवतन दिलं, आणि दुसरं बोलावणं करायला स्वतः सायकलनं दारोदार फिरला. लोक गेले. लग्न लागलं, पानं मांडली, तेव्हा एकेकाला आठवलं की आज मंगळवार. अकरा जणांना उपास निघाला.

"रागावला का हो तो?" मी विचारलं. मामंजींशी मी बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य.

"नाई वं. आत गेला अन् परात घेऊन आला. साबुदान्याची खिचडी, केळी, दूध. म्हने, मंगळवार हाये हे मले आवतन देतानाच म्हाईत होतं. उपासाचं वेगळं करून ठेवलं."

"मग?"

"मंग काय. अकरा जन मान खाली घालून खिचडी खाऊन राहिले. वर पाहाची कोनाची हिंमत नाई. त्यातला एक मी." मामंजींनी पाय पुसले. "खिचडी झाल्यावर मी त्याले वरण-पोळी मांगतली. तुमचा उपास होता ना, असं त्यानं इचारलं नाई. वाढलं. यजमान तो."

०

माझ्या स्वतःच्या लग्नाचा किस्सा मात्र कोणी सांगत नसे. एकदा सासूबाई बोलून गेल्या, "अन् आपल्या अमरावतीच्या लग्नात तं..." आणि माझ्याकडे पाहून कूस बदलली.

माझ्याजवळ त्या लग्नाचं जे आहे ते धुक्यासारखं. लग्न सकाळचं, दुपारीच निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. पॅसेंजर रमतगमत चालली होती. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं, ऊन त्यांच्यावर पाण्यासारखं हलणारं. माझ्या मुंडावळ्यांचा वास, रडून जड झालेले डोळे. झोपेत आणि जागेपणात ये-जा चाललेली. समोर खिडकीशी आत्याबाई होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, त्यातून फुटाणे काढले आणि एकेक करून अकोला येईपर्यंत खाल्ले. मला वाटलं, त्यांना फुटाणे आवडत असावेत. सासरच्या माणसाबद्दल मला कळलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून मी ती जपून ठेवली. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारी मी फुटाणे मागवले आणि त्यांच्यापुढे वाटी ठेवली. त्या वाटीकडे पाहून हसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशीचे पुरले, बाई."

०

शेवटी सिंधूबाईंनी सांगितलं. आम्ही दोघी विहिरीवर होतो.

"तुही माय करंडा घेऊन जानोशात आली. बायांचं बलावनं कराले. एकेकीले कुंकू लावे अन् म्हने, चला, पानं मांडली. कपाळाकपाळानं पुढं सरकून राहिली. आत्याबाई भिंतीपाशी. तिथं तुह्या मायचा हात थांबला. इधवेले कुंकू कसं लावावं? हात पुढच्या कपाळाकडं गेला. हातासंगं तोंडही गेलं."

मी पोहरा तसाच धरून उभी.

"आमी उठून गेलो. आमाले वाटलं, मांगून येतीन. त्याईले वाटलं, मांगून बलावतीन. बसून राहिल्या. तुमच्या मांडवातला घास त्याईच्या तोंडात गेला नाई."

"मग कोणी सांगितलं का नाही? आई धावत आली असती."

"सांगू देल्लं नाई. म्हनाल्या, लग्नाच्या दिवशी पोरीच्या मायले खाली पाहाले लावू नका."

"म्हणून माझ्यावर रुसल्या आहेत."

"रुसल्या असत्या तं मनवता आलं असतं," सिंधूबाई म्हणाल्या. "त्याईले अजून बलावनंच नाई. अन् तुह्या हातचं म्हंजे अमरावतीचंच ना?"

०

आषाढाच्या तोंडावर माझे बाबा मला माहेरी न्यायला आले. अमरावतीला शाळेत मास्तर आहेत. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेली बरणी, आईनं घातलेलं आंब्याचं लोणचं. आमच्या घरच्या पद्धतीनं "नमस्कार, कसे आहात आपण" असं छापल्यासारखं बोलून ते ओसरीवर बसले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर ते तसेच उठून आत्याबाईंच्या पाया पडले असते. आत्याबाईंनी माफी दिली असती, आणि जेवल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीनं सैपाक केला. सिंधूबाईंनी विचारलं नाही, नुसती चूल फुंकून दिली. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या. पाट मांडले. पाटांशी ताटं, ताटांत आईचं लोणचं. बाबांना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पहिल्या पाटावर बसू नका. उभे राहा. आज तुम्ही यजमान आहात." मास्तर माणूस, पण त्यांनी का ते विचारलं नाही. उपरणं खांद्यावर नीट केलं आणि उभे राहिले.

आत्याबाई पुढच्या खोलीत बाजेवर होत्या. मधे एक दार, चार पावलं. मी मागच्या दारानं बाहेर पडले. पदर डोक्यावर घेतला, हातात पाण्याचा तांब्या. दुपारची गल्ली, लिंबाची सावली भिंतींवर हलत होती, कुठे माणूस नाही. आपण चालतो आहोत की दुपारच्या गुंगीतल्या एखाद्या किश्शात शिरलो आहोत, ते मला कळेना. वळसा घालून पुढच्या दाराशी आले. करंडा मी आणला नव्हता.

उंबरठ्याशी उभी राहून म्हटलं, "आत्याबाई, अमरावतीहून बलावनं आलं. पानं मांडली. जेवाले चाला."

त्या उठून बसल्या. माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग खाली उतरल्या, कोपऱ्यातल्या पेटीतून माझ्या लग्नाला नेसलेलं पांढरं लुगडं काढलं, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी. बऱ्याच वेळानं दार उघडलं. उंबरठ्यावर येऊन त्यांनी पाय पुढे केले. मी पायांवर पाणी घातलं.

गल्लीनं आम्ही दोघी निघालो. त्या सावकाश, माझ्या खांद्याला धरून.

"लय वेळ लागला पानं मांडाले," त्या म्हणाल्या.

"पंगत मोठी होती."

"लग्न लागलं काय?"

"लागलं."

"बरं झालं." लिंबाखाली त्या जरा थांबल्या. दम घेतला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अन् पोरगी कशी हाये?"

"बरी आहे म्हणतात."

"मंग म्हननाऱ्याईचं काय. जेवल्यावर सांगतो."