शेवटच्या बाकापर्यंत

लाउडस्पीकरच्या धंद्यात माणूस बोलतो कमी, ऐकतो जास्त. म्हणून किस्से साचत जातात. अमळनेरच्या नानांकडे मी वायरमन होतो, तेव्हाचे तर पोतंभर आहेत. पण धुळ्याच्या सभागृहाचे आठवले, की आजही तळहाताला घाम सुटतो!

तिथे लाउडस्पीकर बसवायचं काम नानांनी घेतलं, तेव्हा कमिटीची अट एकच होती. पहिल्या सभेत शेवटच्या बाकाला शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे, नाहीतर सेट उचला. जळगावच्या सभागृहाचे सेक्रेटरीही त्या दिवशी यायचे होते. त्यांना पटलं तर तिथलं कामही आमचं. नाना पंधरा दिवस धड जेवले नाहीत.

*

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमायचा. आपण एकदा "नमस्कार" म्हटलं, की भिंती चारदा म्हणायच्या! भरल्या हॉलमध्ये काय होईल, हे कळणार कसं? रोज माणसं आणायची कुठून? नानांनी ओळखीच्या जिनिंगमधून कापसाची पोती आणली आणि बाकाबाकावर बसवली. घुमणं थांबलं.

कमिटीचे अध्यक्ष वकील होते. दारातून बघतच राहिले. म्हणाले, "नाना, श्रोते झकास! एकही खोकत नाही!"

*

मग याच वकीलसाहेबांना माइकवर बोलायची हुक्की आली. मैदानात गर्जायची सवय. जोशात टेबलावर अशी मूठ आपटली, की सेटमधला काचेचा व्हॉल्व गेला. आता शिल्लक एकच, आणि नवा मुंबईहून यायला महिना!

नानांचा पारा चढला. "साहेब, ओरडायचंच होतं तर सेट कशाला? मीच खिडकीत उभा राहून ओरडलो असतो!"

*

आवाज मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. अक्का होती. नानांची मोठी बहीण, अर्धी बहिरी. तिला शेवटच्या बाकावर बसवायचं आणि नानांनी माइकवर हळू बोलायचं. ती कानामागे हात धरून म्हणाली, "काय म्हनी राह्यना रे भो?" की ऐकू गेलं नाही असं समजून आम्ही कर्णे हलवायचो.

तीन दिवस माझी शिडीवर चढउतर चालली होती. चौथ्या दिवशी नाना पुटपुटले, "अक्का, चहा लेस का?"

मागून उत्तर आलं, "साखर कमी टाक!"

*

सभेला हॉल खचाखच भरला. बोलणारे एक मास्तर, आजारातून उठलेले, आवाज अगदी बारीक. इंग्रज सरकारविरुद्ध ते जे बोलले, ते शेवटच्या बाकापर्यंत लख्ख पोचलं. नाना घामाघूम, पण खूश. भाषण संपलं आणि फौजदार शिपाई घेऊन आत शिरला. उशिरा आल्यामुळे त्याने काहीच ऐकलं नव्हतं. मास्तरांना धरायला त्याला साक्षीदार हवे होते.

"काय बोलले हे?" त्याने पहिल्या बाकाला विचारलं.

"ऐकू नाही आलं, साहेब."

दुसरा बाक म्हणाला, "सेट खराब आहे."

तिसऱ्या बाकावर जळगावचे सेक्रेटरी होते. "एक शब्द कळला नाही!"

मी नानांकडे पाहिलं. सेटला नाव ठेवणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारे आमचे नाना! फौजदार त्यांच्याकडे वळला. नानांनी मान खाली घातली.

"साहेब, सेट बिघडेल शे."

आपल्याच सेटला आपल्या तोंडाने बिघडलेला म्हणाले! त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

फौजदार हसला. माइकपाशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "सभा संपली. सगळ्यांनी घरी जा."

कर्ण्यांतून शब्द न् शब्द स्वच्छ आला. एकही माणूस उठला नाही.

शेवटच्या बाकावर अक्काने कानामागे हात धरला. "काय म्हनी राह्यना रे भो?"