साळूची ताटली

कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर दारावरून गेला की त्या वाळल्या, गोडसर वासानं अजून माझ्या छातीत धस्स होतं.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. राणीसावरगावाजवळच्या शेतात माझे आजोबा एकटेच राहायचे. सोबतीला साळू नावाची मांजर. तिला ते रोज वेगळ्या ताटलीत भाकर कुस्करून वाढत, म्हणून गाव त्यांना हसायचं. घरात ताटल्या दोनच, त्यामुळं मी त्यांच्याकडं राहायला आले त्या दुपारी साळूची मला मिळाली होती. आठ वर्षांची होते मी. दुसरा घास घेतला अन् रझाकारांच्या घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

आजोबांनी मला कडब्याच्या गंजीत कोंबलं. मागोमाग साळूही शिरली आणि मांडीत बसून घुरघुरायला लागली. तेवढाच धीर आला.

"बुड्ढे, और कौन है इधर?" बंदूकवाल्यानं दरडावलं.

"कोई नई, साब. अकेला हूँ."

"फिर ये दूसरी थाली किसकी?"

"बिल्ली की, साब." आजोबांनी हाक मारली, "साळू, ये गं, जेवून घे."

मी तिला घट्ट आवळून धरलं. ती गेली तर आत मी एकटी उरणार होते. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा कुठं माझी बोटं सुटली. साळू बाहेर गेली आणि ताटलीत तोंड घालून खायला लागली.

"पागल है बुड्ढा," म्हणत तो हसला. घोडे गेले.

आजोबांनी मला बाहेर ओढलं. "लय येळ धरून ठिवलीस गं तिला," एवढंच म्हणाले.

गाव त्यांना एकटा म्हातारा म्हणायचं. खरे एकटे ते त्या तीन हाकांपुरतेच होते.