मागावर राहिलेलं वीतभर रेशीम

नोकरीतल्या बहुतेक घटना फायलींबरोबर रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. ही एक मात्र माझ्याबरोबर निवृत्त झाली.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी नाशिकला गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. येवल्याच्या एका पैठणी व्यापाऱ्याची तक्रार आमच्याकडे आली. त्याने एका विणकराला रेशीम आणि जरतार दिली, विणकराने साडी पूर्ण करून परस्पर विकली आणि चोरीचा कांगावा केला, असं त्याचं म्हणणं. विणकर सांगत होता ते वेगळंच. बायकोला घेऊन तो वणीला देवीच्या दर्शनाला गेला होता. परत आला तर कुलूप जागच्या जागी आणि सात महिने विणलेली साडी मागावरून कापून नेलेली.

व्यापाऱ्याच्या दुकानात पुढाऱ्यांबरोबरचे इतके फोटो होते, की भिंतीचा रंग कोणता हे तपासात शेवटपर्यंत निष्पन्न झालं नाही. तो मुद्देसूद बोलायचा. विणकर मात्र प्रत्येक प्रश्नाला आधी जमिनीकडे बघायचा आणि मग "नाय साहेब" म्हणायचा. कुलूप तुटलेलं नव्हतं. मी विणकराला अटक केली आणि पोलीस कोठडीच्या अर्जावर सही केली. प्रकरण मला सोपं वाटलं होतं.

मग मी स्वतः त्याच्या घरी पंचनाम्याला गेलो. साडी कापून नेल्यावर मागावर वीतभर उभे धागे शिल्लक होते. जांभळे, आणि लहान लहान जुडगे करून गाठी मारलेले.

"या गाठी तुम्ही मारल्या?" मी विणकराच्या बायकोला विचारलं.

"आम्ही कशाला मारू? आलो तवा असंच व्हतं."

"कशासाठी मारतात?"

"धागे निसटू नाय म्हणून. नवा ताणा या जुन्या धाग्यांनाच एकेक करून सांधायचा असतो. हे निसटले तर हजारो धागे पुन्हा फणीतून ओवायचे. डोळे जात्यात साहेब."

आमचा हवालदार म्हणाला, "चोर लय समजूतदार दिसतोय."

तो हसला आणि मी वाकून गाठी पुन्हा बघितल्या. चोरीचं नाटक करणारा माणूस इतक्या निगुतीने गाठी कशाला मारेल? चोरी खरी वाटावी म्हणून तो ओरबाडून कापेल. आणि बाहेरचा चोर असता, तर त्याला गाठी मारायचं सुचलंच नसतं. साडी नेणारा दुसराच कुणी विणकर होता, आणि चोरी करतानाही त्याचा हात सवयीने चालला होता. मी ते धागे पंचांसमोर सीलबंद केले. अटक केलेला माणूस निर्दोष असू शकतो, हे माझ्या मनात त्या खोलीत पहिल्यांदा आलं. त्याच्या कोठडीचे चार दिवस उरले होते.

दोन दिवसांनी खबऱ्याने बातमी आणली. नाशिकमध्ये व्यापाऱ्याच्या मेव्हण्याच्या दुकानात एक जांभळी पैठणी कपाटात ठेवली आहे, गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. आम्ही ती जप्त केली. व्यापारी जराही बिचकला नाही.

"ही माझ्या दुसऱ्या विणकराकडची, साहेब. रंगाच्या पुड्या सगळ्यांना मीच देतो. एकाच डब्यातल्या. रेशमाला जीभ असती, तर तुम्ही विचारलं असतं!"

त्या दुसऱ्या विणकराला गाठून विचारलं, तर त्यानेही मान डोलावली. मी त्याच्या मागावरचेही धागे घेतले. पहिल्या मागाचे धागे, जप्त साडीचे आणि हे, अशा तीन पुड्या सरकारी प्रयोगशाळेत गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग मीही.

तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी धाग्यांतला रंग एका द्रावणात उतरवला. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता. त्याच्या खालच्या कडेला तिन्ही रंगांचे टिपके ठेवले आणि पट्टी झाकणाच्या काचपात्रात उभी केली. तळाला बोटभर द्रव होता. तो पट्टीवर चढू लागला.

"आता?"

"आता बसा. हात लावू नका."

द्रव वर चढत होता आणि जांभळा टिपका फुटत होता. लाल पुढे निघाला, निळा मागे राहिला. मी आयुष्यात शर्यती पाहिल्या आहेत, पण खुर्चीच्या कडेवर बसून पाहिलेली ही एकच. शेवटी तिन्ही रांगांत तोच लाल आणि तोच निळा, त्याच उंचीला. माझा चेहरा पडला. व्यापारी खरं बोलला होता, रंग एकाच डब्यातले होते.

"एवढ्यात उठू नका," मॅडम म्हणाल्या. "रंग कोणते ते कळलं. किती, ते कुठे कळलंय?"

त्यांनी पट्टी डेन्सिटोमीटर नावाच्या यंत्रात सरकवली. यंत्र प्रत्येक डागावरून प्रकाश फिरवतं, डाग किती गडद आहे ते मोजतं आणि कागदावर डोंगरासारखी रेघ काढतं. पहिल्या मागाच्या धाग्यांना दोन उंच डोंगर आणि मध्ये एक टेकडी. टेकडी पिवळ्या रंगाची, आमच्या डोळ्यांना न दिसलेली. जप्त साडीलाही तेच दोन डोंगर, तीच टेकडी, प्रमाणही तेच. दुसऱ्या विणकराच्या धाग्यांना टेकडी नव्हतीच. मॅडमनी नव्या पट्ट्यांवर तोच प्रयोग आणखी दोनदा केला. प्रत्येक वेळी टेकडी उगवली. मी टेबलावर थाप मारली, आणि काचपात्र हललं म्हणून बोलणी खाल्ली.

तसाच येवल्याला गेलो. विणकराच्या बायकोला विचारलं, "रेशीम कोण रंगवतं?"

"मीच."

"जांभळ्यात आणखी काही घालता?"

ती दचकली. "चिमूटभर पिवळा. शेठचा जांभळा लय भडक हाय. पण शेठला सांगू नका, त्यांना खपत नाय."

दुसऱ्या विणकराला समोर बसवलं. आलेख पुढ्यात ठेवला. मग मी एवढंच विचारलं, "चोरीच करायची होती, तर गाठी कशाला मारल्या?"

तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "माग हाय साहेब तो. तसाच कसा टाकून येऊ?"

पुढचं भराभर बाहेर आलं. पहिला विणकर व्यापाऱ्याला सोडून स्वतःचं काम सुरू करणार होता. त्याला अडकवण्यासाठी व्यापाऱ्याचा हा डाव. पहिल्या विणकराची खोली व्यापाऱ्याच्याच मालकीची, त्यामुळे दुसरी किल्ली त्याच्याकडे होतीच. ती या दुसऱ्या विणकराने पंचांसमोर आपल्या घरातून काढून दिली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. किल्ली आणि काचेच्या पट्ट्या टिकल्या.

वरिष्ठांनी पत्रकार परिषद घेतली. साडी हारांच्या मध्ये मांडली आणि यंत्राचं महत्त्व दहा मिनिटं समजावलं. मॅडमना बोलवायचं राहून गेलं.

या तपासाने मला शिकवलं ते यंत्राविषयी नव्हतं. ज्याला नीट बोलता येतं त्याच्यावर आपण आधी विश्वास ठेवतो, आणि त्यालाच तपास म्हणतो. मीही तेच केलं होतं.

विणकर सुटला त्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "साहेब, मी चोर नाय असं लिहून मिळंल का? गल्लीत दाखवाया."

अटकेचा नमुना छापील असतो, कोठडीचाही असतो. याचा नव्हता. एरवी मला थाटमाट सोसत नाही. पण त्या दिवशी मी इस्त्रीचा गणवेश चढवला, होती नव्हती ती सगळी पदकं लावली, जीप गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि भर दुपारी त्याच्या शेजारून हळूहळू चालत निघालो. लोक दारांत आले.

एका म्हातारीने विचारलं, "आता कुनाला धरलं वो?"

"कुणाला नाही, आजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आमची चूक झाली होती. यांना घरी सोडायला आलोय."