मुगाचा डबा

आरमोरीहून निघालेल्या बसमध्ये ती बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर बियाण्याच्या मुगाचा डबा होता. मुगाला भुंगे लागत नाहीत का, असं मी विचारलं, तशी तिनं झाकण काढून मूठभर मूग माझ्या हातावर ओतले. एकाही दाण्याला भोक नव्हतं. त्यात एक मेलेला भुंगा मात्र होता, पांढरी बुरशी चढलेला.

“बुरशीची भुकटी मीच चोळली, भाऊ. भुंग्याले मारते, दाण्याले काई करत नाई. सासू सगळ्यांसमोर म्हणे, बियाण्याले बुरशी लावून राह्यली, पागल झाली का?”

“आणि आता?”

तिनं पदर सारखा केला आणि ताठ बसली.

“आता तिच्याच माहेरी चालली. तिनंच धाडलं. म्हणे, माह्या भावाले दाखव, माह्या सुनेचं बियाणं.”

सासूच्या माहेरचं गाव आल्यावर मी डबा धरायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही. कडेवर घेऊन उतरली.