शनिवारी पेन न धरणाऱ्या काकू

इस्रायलहून आलेल्या मराठी ज्यू काकूंनी त्या दिवशी माझी वेळ निभावून नेली. इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या तळ्यावर त्या दर शनिवारी चालत येतात, शुक्रवारीच तळलेल्या करंज्या वाटतात आणि तिकडे इस्रायलात अशदोदला अख्खं कुटुंब समुद्रावर कसं जमायचं ते कोकणी हेलात सांगतात.

लेकीला बोटीत बसायचं होतं, पण आईनं, म्हणजे मी, इंग्रजी फॉर्म भरल्याशिवाय बोटवाले सोडत नव्हते. माझी शाळा पाचवीत सुटलेली. मी फॉर्म काकूंपुढे धरला.

"शनिवारी मी पेन धरत नाय गो. आमचा शब्बाथ, लिहायचं नाय, गाडीत बसायचं नाय. तू लिही, मी अक्षरं सांगते."

"चुकलं तर, काकू?"

"बोट बुडायची नाय."

मागे रांग खोळंबली, तरी त्यांनी घाई केली नाही. लेक बोटीत बसली.

आता ड्रायव्हिंगचा फॉर्मही मीच भरणार आहे. लायसन्स मिळालं की काकूंना गाडीनं समुद्रावर नेईन, शनिवार सोडून.